काट्यावरच्या मर्व्हिनचा पश्चिमेचा बेत

मर्व्हिन टोंकिन आणि मी बावीस वर्षं शेजारी आहोत. मधे पत्र्याचं, खांद्याइतकं कुंपण. त्यातली पहिली सतरा-अठरा वर्षं आमचं बोलणं एवढंच: "आज गरम आहे." "हो, फारच." त्याची बायको व्हाल्मा मात्र कुंपणावर कोपरं टेकून तासतास बोलायची. ती बेकरीत कामाला होती, त्यामुळे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या अख्ख्या वॉलरू गावाची खबर तिच्याकडे असायची. मर्व्हिन तिच्यामागे टोमॅटोंना पाणी घालत असायचा. ती मधेच मान वळवून विचारायची, "हो ना रे, मर्व्ह?" तो म्हणायचा, "हो." तेवढ्यावर त्याचं भागायचं.

तो मूळचा पास्कव्हिलजवळच्या शेतावरचा. शेत दोन भावांना पुरण्याइतकं नव्हतं. थोरल्याने ते घेतलं आणि हा एकोणिसाव्या वर्षी बंदराजवळ धान्य साठवायच्या सायलोंवर वजनकाट्याला लागला, तो पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच. गव्हाचा नाहीतर बार्लीचा ट्रक आला की आधी भरलेला काट्यावर घ्यायचा, धान्य ओतून आला की रिकामा. दोन्हींतला फरक म्हणजे माल. मर्व्हिन काचेच्या खिडकीत बसायचा, ड्रायव्हर खाली उभा राहायचा, कागद हातात पडेपर्यंत दोन मिनिटं बोलणं व्हायचं. मागच्याने हॉर्न दिला की ते संपलं. सगळा मुलूख त्याला असा दोन-दोन मिनिटांनी ओळखत होता. दुकानात, जेटीवर, जो तो हात वर करायचा, "काय मर्व्ह!" पण त्याच्या घरी चहाला आलेला माणूस मी कधी पाहिला नाही. जे यायचे ते व्हाल्माकडे.

व्हाल्माचा आजार कळला तेव्हा तिच्यापाशी सहा आठवडे उरले होते. मी नर्स आहे, कडिनाच्या वृद्धाश्रमात. शेवटच्या दिवसांत मी रोज जायची. ती गुंगीतसुद्धा बोलत होती आणि तो तिच्या पायाशी खुर्ची घेऊन गप्प. दफनाला चर्च भरून माणसं आली. एकेकाने येऊन त्याचा हात हातात घेतला. रात्रीचं जेवण घेऊन मी गेले तेव्हा तो म्हणाला, "मला एकाचंही नाव आठवत नव्हतं, शुभा. त्यांच्या ट्रकांची रिकामी वजनं आठवत होती."

त्यांची एकुलती एक मुलगी जनेल माउंट गॅम्बियरला, इथून सहाशे किलोमीटरवर. ती तिथल्या वाचनालयात, नवरा ग्लेन लाकडाच्या गिरणीत. टालिया आणि पिपा अशा दोन मुली. दर रविवारी चार वाजता जनेलचा फोन यायचा, तो आईसाठी. मर्व्हिनने चुकून उचलला तर, "थांब, आईला देतो," एवढंच म्हणायचा. आता द्यायला आई नव्हती. जनेल तरी फोन करत राहिली.

"कसा आहेस, डॅड?"

"बरा. तू?"

"बरी. मुली बऱ्या."

"छान. थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

त्याच्या कानांचं ट्रकांच्या आवाजाने वाटोळं झालेलं, म्हणून फोन तो नेहमी मोठ्या आवाजावर, ओट्यावरच्या टेबलावर ठेवतो. त्यामुळे माझ्या अंगणात सगळं ऐकू यायचं. मी घरात निघून जायची. ऐकू नये म्हणून नव्हे, ऐकवत नसे म्हणून. दोघांनाही फोन ठेवायचा असायचा आणि दोघांनाही ठेवायचा नसायचा. सर्वांत लांबलेला फोन सहा मिनिटांचा होता, असं पुढे त्यानेच मला सांगितलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बोलायचा.

व्हाल्मा गेल्यावर दोनेक वर्षांनी, एका ऑगस्टमध्ये, तो मूनटाहून येताना गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत आला. वापरलेली, एकवीस फुटी, मागे मुलांसाठी झोपायच्या एकावर एक दोन फळ्या, पुढे मोठा पलंग, मधलं टेबल खाली पाडलं की आणखी एकाची झोपायची सोय. रस्त्याकडेला विकायला लावली होती म्हणे. हा थांबला, तो तिच्या नाकावर ठोकलेला वजनाचा पत्रा वाचायला. वाचून झाल्यावर मालक बाहेर आला आणि याला नाही म्हणता येईना.

त्या रविवारी जनेलने विचारलं, "कॅरॅव्हॅन? तुला? आईने किती वर्षं डोकं खाल्लं तेव्हा सेडूनाच्या पुढे गेला नाहीस."

"तुम्हा सगळ्यांना घेऊन जावं म्हटलं," मर्व्हिन म्हणाला. "पश्चिमेला. नलरबॉरचं ओसाड पठार ओलांडून. एस्परन्सपर्यंत."

हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा त्यालाही कळलं. पण पलीकडे जनेल एकदम म्हणाली, "कधी?" आणि त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला.

तिथून पुढे मर्व्हिनचं घर म्हणजे कचेरी झालं. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले, त्यांच्या कोपऱ्यांवर मीठ, मिरपूड, जॅमची बाटली. जुलैच्या शाळेच्या सुटीत निघायचं, दोन आठवडे. पहिला मुक्काम किम्बा, मग सेडूना, मग देवमासे बघायला बाइटच्या आखातावरच्या कड्यावर, मग राज्याची सीमा, आणि पलीकडचे ते उजाड थांबे, जिथे एक पेट्रोलपंप, एक खाणावळ आणि चारी बाजूंना काही नाही. कुठे पाणी भरायला मिळेल, कुठे नाही. समोरचा वारा असेल तर डिझेल किती जास्त लागेल. आणि मुख्य म्हणजे वजन. कॅरॅव्हॅनमध्ये जास्तीत जास्त पाचशे किलो भरता येणार होते. त्यातले एकशे नव्वद दोन टाक्यांतलं पाणीच खाणार. राहिलेल्या तीनशे दहामध्ये गॅस, पाच माणसांचे कपडे, अन्न, अंथरुणं, खुर्च्या. त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर भांडं न् भांडं तोललं. एकदा मी गेले तर चमचे मोजत होता.

"मर्व्ह, चमच्यांनी गाडी उलटणार आहे का?"

"चमच्यांनी नाही उलटत. 'चमच्यांनी काय होतंय' असं म्हणणाऱ्यांची उलटते."

फोनवर तर मजा चालायची. एका रविवारी त्याने घरातल्या प्रत्येकाचं वजन मागितलं.

"डॅड, बायकांना वजन विचारतात का?"

"काट्यावर बाई-पुरुष नसतं. वजन असतं."

"अडुसष्ट लिही."

"खरं?"

"...एकाहत्तर. आता खूश? ग्लेनचं ब्याण्णव. पिपा म्हणते, तिच्या सशाचंही लिही."

"ससा येणार नाही."

मागून पिपा आजोबांवर ओरडली, "पॉप! तो फक्त दोन किलोचा आहे!"

"जिवंत माल काट्यावर हलतो. ससा येणार नाही."

मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालत एकटीच हसायची. आता मी घरात जात नसे.

बेत खरं तर जानेवारीतच पुरा झाला होता. थांबे ठरले, आरक्षणं झाली. तरी फेब्रुवारीत तो पुन्हा पहिल्यापासून बघायला बसला. किम्बाऐवजी वडिन्ना बरं का? फळ्यांवरच्या गाद्या बदलाव्यात का? जनेलही तशीच. एका रविवारी म्हणायची, "वडिन्नाच ठीक." पुढच्या रविवारी, "डॅड, मी विचार केला, किम्बाच बरं." मला वाटायचं, बाप-लेक दोघंही धरसोडीचे. एकदा मी त्याला म्हटलंसुद्धा, "हे तर मागच्या महिन्यात ठरलं होतं ना?"

"पुन्हा बघितलेलं बरं," तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक करू लागला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं. बेत पक्का झाला तर रविवारी चार वाजता काय बोलणार होता तो?

मे महिन्यातला एक रविवार. त्याला फळ्यांची लांबी पुन्हा मोजायची होती, टालिया उंच झाली होती म्हणून. टेपचं दुसरं टोक धरायला त्याने मला बोलावलं. मोजून आम्ही ओट्यावर येतो तोच फोन वाजला. गाद्यांचं झालं, बाजूला लावायच्या कापडी छताचं झालं. मग मर्व्हिन म्हणाला, "एक शेवटचं. ग्लेनची रजा पक्की झाली ना? गाडीत पुढे तो बसणार की तू, ते मला लिहायचंय."

पलीकडे एक दार लावल्याचा आवाज आला.

"ग्लेन येणार नाही, डॅड."

"रजा नाही मिळाली?"

"तसं नाही. ग्लेन इथे राहत नाही. सप्टेंबरपासून. तो वेगळा राहतो. गाडीही तोच घेऊन गेला. मी तुला सांगणार होते, दर रविवारी सांगणार होते."

मर्व्हिनच्या हातात पेन्सिल होती. तो कागदाकडे बघत राहिला. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण हलले तर खुर्ची वाजेल म्हणून बसून राहिले.

"म्हणजे," तो म्हणाला, "गाडीतले ब्याण्णव किलो कमी झाले."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. ते हसू नव्हतं. "हो, डॅड," जनेल म्हणाली, "ब्याण्णव किलो कमी झाले." आणि फोन बंद झाला.

मर्व्हिनने पेन्सिल खाली ठेवली. समुद्रावरून वारा येत होता, नकाशाचं एक टोक फडफडत होतं. "मी काय बोललो?" त्याने मला विचारलं.

"वजन सांगितलंस."

"हं." थोड्या वेळाने म्हणाला, "मागच्याच रविवारी तिने मला विचारलं, ग्लेनची मासेमारीची पेटी कुठे बसेल. वजनही सांगितलं, सात किलो. मी तिला जागा काढून दिली, शुभा. पलंगाखाली." आणि मग, "आठ महिने. मला एकदाही कळलं नाही."

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. मर्व्हिन साडेतीनपासून ओट्यावर बसला होता. सहा वाजता उठून आत गेला. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "तू कर की फोन. नेहमी तिनेच का करायचा?"

"करून काय विचारू?"

"कशी आहेस, ते विचार."

"ती बरी म्हणेल."

मी घरात परत गेले. पण तिसऱ्या दिवशी तो स्वतःच आला, हातात वहीचा कागद. मला वाटलं, पुन्हा मुक्कामांची यादी. ती प्रश्नांची यादी होती, त्याच्या त्या पावतीवरच्या ठसठशीत अक्षरांत. *झोप लागते का. मुली बापाला कधी भेटतात. कामावर कशी जातेस. घर कुणाच्या नावावर. रडतेस का.* शेवटच्या ओळीवर काट मारली होती आणि पुन्हा लिहिली होती.

"हे बरोबर आहे का बघ," तो म्हणाला. "काही राहिलं असेल तर सांग."

मी कागद वाचला आणि परत दिला. "बरोबर आहे," म्हटलं. "पण वाचून दाखवू नकोस. एकेक विचार."

त्याने बुधवारी संध्याकाळी फोन केला. त्या वेळी मी मुद्दाम घर बंद करून बाजारात गेले. काय बोलणं झालं ते मला पुढे जनेलकडून थोडं कळलं. तो खरंच एकेक प्रश्न विचारत गेला, ओळीने, मधे काहीही न बोलता, आणि ती उत्तरं देत गेली. "एखाद्या सरकारी माणसासारखा विचारत होता," ती म्हणाली. "पण कुणीच मला हे ओळीने विचारलं नव्हतं." ती त्याला आठ महिने का बोलली नाही, तेही तिने मला सांगितलं. रविवारचा तो एक तास सोडला तर आठवडाभर सगळं मोडलेलं असायचं. त्या तासात ते पाचजण निघालेलेच असायचे. ग्लेनची मासेमारीची पेटी पलंगाखाली असायची. तिला तो तास सोडवत नव्हता.

मुलींची अर्धी सुटी आता बापाकडे जाणार होती. म्हणून ठरलं की पहिला आठवडा सगळ्यांनी मिळून बाइटच्या कड्यापर्यंत जायचं, मग सेडूनाहून जनेल आणि मुली छोट्या विमानाने अ‍ॅडलेडला जातील. तिथे ग्लेनची आई राहते, तिथून तो मुलींना नेईल. पुढचा अर्धा बेत मर्व्हिनने रद्द केला का, असं मी विचारलं. "बघू," म्हणाला. आरक्षणं त्याने ठेवली, फक्त तारखा पुढे सरकवल्या.

जुलैच्या पहिल्या शनिवारी तिघी बसने उतरल्या. मी त्याच्यासोबत बसथांब्यावर गेले होते. जनेल मला ओळखू आली नाही, इतकी उतरली होती. बाप-लेकीने एकमेकांना बाजूने, एका हाताने, मिठी मारली. "प्रवास ठीक झाला?" "ठीक." पिपाने लगेच विचारलं, "पॉप, वरची फळी माझी ना?" तेरा वर्षांची टालिया कानात इअरफोनच्या तारा खुपसून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

रविवारी सकाळी ते निघाले. मी टोमॅटोची चटणी आणि भाजीचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्टी दिल्या. त्याने हातावर तोलून बघितल्या, "सव्वा किलो," आणि आत ठेवल्या.

त्या आठवड्याचं मला दोघांकडूनही थोडंथोडंच कळलं. मर्व्हिन पहाटे पाचला उठणारा. कॅरॅव्हॅनमध्ये पाय टाकला की ती हलते, म्हणून तो हळूच बाहेर यायचा, खुर्ची टाकून अंधारात चहा पीत बसायचा, बाकीच्या उठेपर्यंत दोन-तीन तास. किम्बाला जुलैची कडाक्याची थंडी होती. जनेलने खिडकीतून त्याला कांबळं पांघरून बसलेलं पाहिलं. तिला जाग होती. उठून त्याच्याजवळ जाऊन बसावं असं तिला वाटलं, पण मग काहीतरी बोलावं लागेल, म्हणून ती पडून राहिली. रोज पडून राहिली. गाडीत पिपा सोडून कुणी बोलत नसे. गव्हाची हिरवी शेतं संपली, झुडपं सुरू झाली, झुडपं बुटकी होत गेली. मर्व्हिन समोरून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या ट्रकला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, तेही उचलायचे. टालियाने एकदा विचारलं, "पॉप, हे सगळे तुझे मित्र आहेत?"

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही."

"मग?"

"असंच."

बाइटच्या कड्यावर त्यांना देवमासे दिसले, आया आणि पिलं, किनाऱ्यापासून इतक्या जवळ की पिलू श्वास सोडायचं ते ऐकू यायचं. मुली कठड्याला चिकटून बसल्या. जनेल त्यांच्यापासून दूर, लाकडी वाटेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मर्व्हिन मधे उभा होता. तिची पाठ थरथरत होती, ते त्याला दिसत होतं. जावं की तिला एकटीला राहू द्यावं, हे त्याला कळेना. "व्हाल्माला कळलं असतं," असं तो मला सांगताना दोनदा म्हणाला. शेवटी तो गेला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "वारा फार आहे."

"हो," ती म्हणाली.

दोघं तिथे बराच वेळ उभे होते. त्याने आपलं जाकीट काढून तिला दिलं, तिने घातलं. मग पिपाला भूक लागली.

सेडूनाच्या विमानतळावर सामान तपासून झाल्यावर पिपा परत पळत आली. "पॉप, आता एवढ्या मोठ्या कॅरॅव्हॅनमध्ये तू एकटाच?"

"हो."

"कंटाळा येईल."

"सवय आहे."

जनेल मागे उभी होती, त्याचं जाकीट तिच्या हातात. ते त्याच्याकडे देताना म्हणाली, "डॅड, घरी जा आता. उगीच पुढे जाऊ नकोस."

"बघतो," तो म्हणाला.

विमान गेल्यावर त्याने डिझेल भरलं. तिथून उजवीकडे घर, डावीकडे पश्चिम. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्याने डावीकडचा दिवा लावला. का, ते त्याला सांगता आलं नाही. "घरी जाऊन करायचं काय होतं," एवढंच म्हणाला.

पुढचा सगळा बेत पाच तोंडांचा होता. यादी त्याने बदललीच नव्हती, अंडी, दूध, पाव, सगळं पाचांच्या हिशेबाने भरलेलं. सीमेच्या नाक्यावर फळं-भाज्या काढून घेतात, कारण पलीकडे न्यायला बंदी आहे. त्याने मूळ गणित असं बसवलं होतं की नाक्याला पोचेपर्यंत फळांची पिशवी बरोबर रिकामी होईल. आता त्याने नाक्यावरच्या बाईसमोर दोन किलो सफरचंदं, कांदे, गाजरं ठेवली.

"एवढं सगळं एकट्याचं?" ती म्हणाली. "काय, दुकान टाकणार होता पलीकडे?"

"नातींसाठी होतं."

तिने गाडीत वाकून बघितलं, मग पिशवी उचलून डब्यात रिकामी केली.

प्रत्येक मुक्कामावर तेच. "टोंकिन? पाचजण ना?" "एक." "बाकीचे मागून येतायत?" पहिल्या ठिकाणी त्याने खरं सांगायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ठिकाणापासून नुसतं "हो" म्हणू लागला. संध्याकाळी शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली माणसं बोलवायची, "ये रे, बस, एक बिअर घे." तो जायचा, बसायचा. कुठून आलास, कुठे चाललास, किती लांबीची आहे, किती डिझेल खाते. दहा मिनिटांत हे संपायचं. मग तो उठायचा.

तो शेवटचा सरळ रस्ता, जिथे दीडशे किलोमीटर एकही वळण नाही, तिथे तो मधेच गाडी बाजूला घेऊन थांबला. बिघाड काही नव्हता. खाली उतरून उभा राहिला. "तिथे इतकं शांत होतं," तो मला म्हणाला, "की माझे खराब कानसुद्धा चांगले वाटले. मी व्हाल्माला हाक मारून बघितली. म्हटलं, कुणी ऐकायला नाही." मग जरा थांबून, "मोठ्याने मारली. लाज वाटली नाही."

एस्परन्सला पाच दिवस राहायचं होतं. पांढरी वाळू, निळं पाणी, सगळं सांगितलं होतं तसंच. तो तीन दिवस राहिला, सकाळी पायऱ्या उतरून किनाऱ्यावर जायचा, परत यायचा. चौथ्या दिवशी निघाला. एवढं मोठं अंतर पार करून घरी आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तो कॅरॅव्हॅन रिव्हर्समध्ये अंगणात घालायचा प्रयत्न करत होता. मागे उभं राहून हात करायला कुणी नाही. चौथ्यांदा चुकल्यावर मी चपला घालून गेले आणि मागे उभी राहिले.

सप्टेंबरात जनेलने घर बदललं. दोनच खोल्या परवडत होत्या. टालियाला अभ्यासाला जागा नाही, असं फोनवर बोलता-बोलता ती म्हणून गेली. मर्व्हिन त्याच आठवड्यात कॅरॅव्हॅन ओढत माउंट गॅम्बियरला गेला, तिच्या मागच्या अंगणात लावून आला. टालिया आता तिच्यात झोपते. तिथे तो दोन दिवस राहिला. "आणखी राहा की," जनेल म्हणाली, असं तोच सांगतो. पण त्या घरात तिसरी खोली नव्हती, आणि कॅरॅव्हॅनमध्ये आता टालिया होती.

रविवारचा फोन अजून येतो. आता बोलायला बेत नाही, यादी नाही. कधी तो विचारतो, "झोप लागते?" ती म्हणते, "लागते." कधी दोघं नुसते गप्प असतात आणि फोनमधून तिच्याकडच्या किटलीचा आवाज येतो, मी माझ्या अंगणात ऐकते. कधी वीस मिनिटं, कधी तीन.

गेल्या महिन्यात जनेलने मला फोन केला. मला, त्याला नाही. माझा नंबर तिने वृद्धाश्रमातून मिळवला होता. त्या बुधवारचं आणि प्रवासातलं तिने सांगितलं ते याच फोनवर, पण आधी तिने विचारलं,

"शुभा, तो नीट जेवतो का गं? मी विचारलं तर म्हणतो, सगळं ठीक."

मी जे दिसतं ते सांगितलं. पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा लागतो. आठला तो जेटीवर जातो, दहाला परत येतो. टोमॅटो यंदा चांगले आलेत, मला पिशवी भरून देतो. बारीक झालाय थोडा.

"जेटीवर कुणी असतं का त्याच्याबरोबर?"

"नाही," मी म्हटलं. "लोक हात करतात."

 मग ती म्हणाली, "मी फोन केला होता ते त्याला सांगू नकोस, उगीच त्याला वाटेल मी काळजी करते." मी बरं म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.